मोडक्या छत्रीचा रोहित, जुन्या साड्यांची खाडी: घरच्या टाकाऊ सामानातून शिल्प आणि वस्त्रचित्र

प्लास्टिकच्या बाटलीला ग्लू गनने लोकर आणि टिकल्या चिकटवून केलेली फुलदाणी ठाण्याच्या हवेत एक पावसाळासुद्धा काढत नाही. मे महिन्यात खिडकीतल्या उन्हाने गोंद मऊ पडतो, जुलैत लोकर सुटते आणि गणपतीच्या साफसफाईत ती फुलदाणी कचऱ्यात जाते. बाटली साधी होती तेव्हा भंगारवाला तरी ती घेऊन गेला असता. आता प्लास्टिक, लोकर आणि गोंदाचा एकच गोळा झालाय, त्याला कोण हात लावणार?

म्हणून या लेखात चिकटवणं कमीत कमी आहे. बांधायचं, ओवायचं, पीळ द्यायचा, शिवायचं. घाना देशात जन्मलेले शिल्पकार एल अनात्सुई बाटल्यांची हजारो बुचं तांब्याच्या तारेने एकमेकांत गुंफून भिंतभर पडदे करतात. आपल्या मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५, जन्म मुंबईचा) तागाच्या दोऱ्यांच्या गाठी मारून माणसापेक्षा उंच शिल्पं उभी करत. दोघांच्या कामात जोड लपवलेला नाही, तो दिसतो आणि तोच शोभतो. आपणही तेच करायचं. जोड चांगला जमला की काम टिकतं, आणि कधी कंटाळा आला तर ते उसवून सामान वेगळंही करता येतं.

दोन कामं करू. एक उभं शिल्प, मोडक्या छत्रीपासून केलेला रोहित म्हणजे फ्लेमिंगो. दुसरं भिंतीवर लावायचं वस्त्रचित्र, गोधडीच्या टाक्यांनी शिवलेली ठाण्याची खाडी. पहिल्याला सुट्टीचे आठ-दहा दिवस लागतील, कारण वाळायला वेळ जातो. दुसरं तुमच्या बोटांच्या वेगावर.

सामान कुठून आणायचं

घरातून सुरुवात करा. मोडक्या छत्र्या, विटलेल्या सुती साड्या, ताणलेल्या लेगिंग्ज, गळपटलेले टी-शर्ट, बुटांच्या नाड्या, वेफर्सची रिकामी पाकिटं, शर्टाची सुटी बटणं. बोहारीण यायच्या आधी एकदा कपड्यांच्या ढिगातून हात फिरवा, मग उरलेले तिला द्या.

घराबाहेर सगळ्यात मोठी खाण म्हणजे शिंपी. ठाण्याचा जांभळी नाका, गोखले रोड, वाशीची सेक्टरातली दुकानं, कुठेही ब्लाउज शिवणाऱ्याच्या टेबलाखाली कातरणीचं पोतं असतंच. दुकान बंद व्हायच्या वेळेला जा, लग्नसराईतल्या संध्याकाळी नाही. "दादा, कातरण टाकून देणार असाल तर माझ्यासाठी बाजूला ठेवाल का?" एवढं विचारलं की बहुतेक जण पिशवी भरून देतात. पुढच्या वेळी फॉल-पिकोचं काम त्यांच्याकडेच द्या, हिशेब पुरा होतो. पडद्यांच्या दुकानात जुनी नमुन्यांची पुस्तकं मिळतात. त्यातलं कापड जाड असतं, पाठीला लावायला उत्तम.

नवी मुंबईकरांना एपीएमसी, म्हणजे वाशीचा घाऊक बाजार, जवळ. कांदा-बटाटा बाजारातली जाळीची लाल पोती, धान्य आणि मसाला बाजारातलं फाटकं बारदान, एप्रिल-मे महिन्यांत फळबाजारातल्या हापूसच्या रिकाम्या पेट्या. बारदान घरी आणलं की आधी कडक उन्हात दोन दिवस टाका, त्यात कीड हमखास असते. मिरचीचं बारदान मात्र नकोच, नुसतं झटकलं तरी सगळं घर खोकत बसेल.

चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यात कुणी ओळखीचं असेल तर फाटक्या जाळ्याचा तुकडा मागा. न विचारता किनाऱ्यावरचं उचलू नका. आपल्याला फाटकं वाटतं ते पुष्कळदा दुरुस्तीला काढून ठेवलेलं असतं.

काय घ्यायचं नाही तेही सांगतो. फुटलेल्या ट्यूबलाइट, बॅटऱ्या, औषधाच्या बाटल्या आणि सुया, गंजून पापुद्रे निघणारा पत्रा. तांब्याच्या तारेसाठी वायर जाळू नका, त्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो. ब्लेडने साल काढा. भंगारातलं काहीही हाताळताना जाड हातमोजे घाला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून पाहा.

कपडा सुती की कृत्रिम याची शंका असेल तर एक धागा चिमट्यात धरून मोरीपाशी जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळून टोकाला टणक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. ही चाचणी इथे उपयोगी, कारण गोधडीच्या कामात सुती आणि निसरडं कृत्रिम कापड शेजारी शेजारी आलं की शिवण गोळा होते.

आधी वस्तू, मग कल्पना

"काय बनवू?" हा प्रश्न डोक्यात घेऊन भंगाराकडे पाहिलं तर काहीच सुचत नाही. उलट करा. सगळं सामान जमिनीवर पसरा आणि प्रत्येक वस्तू उलटीपालटी, आडवी-उभी धरून बघा. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच गोष्टी जोडून बैलाचं डोकं केलं. सीटचा निमुळता आकार म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं. त्याने वस्तूचा आकार बदलला नाही, फक्त तिची जागा बदलली. रंगवून रंगवून मूळ वस्तू ओळखू येईनाशी करण्यात मला तरी गंमत वाटत नाही. बघणाऱ्याने दोन पावलं पुढे येऊन "अरे, ही तर छत्रीची काडी!" म्हटलं पाहिजे.

छत्रीकडे तसं पाहा. काडीच्या मधोमध आधाराची काडी जिथे जोडलेली असते तिथे सांधा असतो. तो पक्ष्याच्या पायाचा सांधा. काळं कापड म्हणजे रोहिताच्या पंखांची काळी कड. दांडा पुढे गोधडी टांगायला. छत्रीतलं जवळजवळ काहीच वाया जात नाही.

रोहित: सांगाडा

लांब दांड्याची जुनी छत्री घ्या. तीन घड्यांच्या छत्रीच्या काड्या फार नाजूक असतात, त्या या वजनाला टिकत नाहीत. कापड फाडू नका. काड्यांच्या टोकांवरचे टाके ब्लेडने उसवा, मग पाकळ्यांच्या शिवणी उसवा. आठ त्रिकोणी पाकळ्या हातात येतील, त्या धुऊन बाजूला ठेवा. सगळ्या काड्या माथ्याच्या चकतीत एका तारेने ओवलेल्या असतात आणि आधाराच्या काड्या खालच्या सरकत्या नळीत तशाच ओवलेल्या असतात. कटिंग प्लायरने त्या दोन तारा तोडल्या की सगळा पसारा मोकळा होतो. बटणाने उघडणारी छत्री असेल तर दांड्यातली स्प्रिंग उडते, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता पाय. आधाराची काडी म्हणजे वरचा भाग. मूळ काडीचा सांध्यापासून टोकापर्यंतचा तुकडा म्हणजे खालचा भाग. सांध्याच्या वरची मूळ काडी कापून टाका, पण फेकू नका. एका पायाला एकच जोडी पुरत नाही, लवते. दोन जोड्या पाठीला पाठ लावून बाइंडिंग वायरने बांधा. ही वायर म्हणजे बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती मऊ काळी तार, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळते.

सांधा कोणत्या दिशेला वाकवायचा, इथे जवळजवळ सगळे चुकतात. पक्ष्याच्या पायाच्या मधला तो सांधा गुडघा नसतो, घोटा असतो. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. म्हणून सांध्याचा कोपरा शेपटीकडे यायला हवा, चोचीकडे नाही. कोन थोडासाच ठेवा, मघाशी कापलेला काडीचा तुकडा आधाराला लावा आणि तारेचे घट्ट वेढे देऊन सांधा पक्का करा. जास्त वेढ्यांनी तिथे गाठ दिसेल. खऱ्या रोहितालाही ती असते.

बैठकीसाठी आइस्क्रीमचा फॅमिली पॅक डबा. त्यात एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू कालवून भरा, पाय आत रोवा आणि ते हलू नयेत म्हणून डब्यावर आडव्या काड्या टेपने लावून ठेवा. सिमेंटने कातडी जळते, हातमोजे विसरू नका. दुसऱ्या दिवसापासून चार-पाच दिवस थोडं थोडं पाणी मारा, मग डबा ओढून काढा.

पायांवर जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेचा अंड्यासारखा पिंजरा बांधायचा, साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि १८ रुंद. मानेसाठी तीच तार दुहेरी करून पीळ द्या. ४५ सेंटिमीटर बाहेर आणि दहा-बारा पिंजऱ्याच्या आत, नाहीतर मान गरगर फिरते. आपल्या खाडीत जास्त दिसणारा छोटा रोहित ८० ते ९० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे हे शिल्प जवळजवळ खऱ्या मापाचं होईल. मान इंग्रजी एस सारखी वळवा. किंवा सरळ खाली नेऊन चोच चिखलात उलटी टेकवा, कारण रोहित खातो तेव्हा त्याचं डोकं उलटं असतं. ही दुसरी मुद्रा मला जास्त आवडते आणि तोल साधायलाही सोपी जाते.

तोल बघायला गवंड्याचा ओळंबा वापरा. नसेल तर दोऱ्याला किल्ली बांधा. पोटाच्या मध्यातून दोरा सोडला की किल्ली दोन पावलांच्या मध्ये यायला हवी. पुढे येत असेल तर मान मागे घ्या. कागद लावल्यावर हे दुरुस्त करता येत नाही, म्हणून आत्ताच बघा.

रोहित: कागद

पिंजऱ्यात वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे ठासून भरा आणि वरून मास्किंग टेपने आकार बांधा. चकचकीत सेलोटेप नको, त्यावर खळ धरत नाही.

खळ करायला एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न होता कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि पांढरेपणा जाऊन चमक येईपर्यंत मंद आचेवर ढवळत राहा. झुरळं, वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून बायंडिंगवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी असतं, घरात लहान मुलं असतील तर त्याऐवजी लवंगेच्या तेलाचे थेंब घाला. जुन्या बायका सूप-टोपल्या लिंपायच्या कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घालत, त्याने लगदा चिकट होतो. पण आपल्याला लगदा नको, पट्ट्या हव्यात, कारण दमट हवेत लगदा आतून वाळतच नाही.

कागद कापू नका, फाडा. फाटलेली कड पातळ असते आणि खालच्या थरात मिसळून जाते. एक थर साध्या वर्तमानपत्राचा, पुढचा गुलाबी अर्थविषयक वर्तमानपत्राचा, पट्ट्या आधीच्या थराला आडव्या. रंग बदलला की थर पुरा झाला का ते कळतं, कुठे राहिलं तर लगेच दिसतं. सहा थर पुरे, पण दर दोन थरांनंतर पंख्याखाली एक दिवस. बोटाने टिचकी मारल्यावर ठक्क असा कोरडा आवाज आला की वाळलं. वरून फेविकॉल पाण्यात सैल करून एक हात फिरवा. गोंदाचा उपयोग या कामात इतकाच.

डोकं अंड्याएवढं. चोचीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून, तारेच्या टोकावर ओढून, वरून दोऱ्याने आवळा. चोच मध्येच खाली मोडल्यासारखी वाकलेली असते, तो बाक नीट आला की लांबूनही रोहित ओळखू येतो. डोळ्याला लाल बटण.

रोहित: झबलं

इथून शिवणकाम. पिसं अंगाला चिकटवायची नाहीत, रोहिताला झबलं शिवायचं आणि पिसं त्या झबल्यावर टाचायची. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना कारण सांगायला नको. बांधकामाची धूळ महिन्याभरात सगळं करडं करून टाकते. झबलं काढून धुता येतं.

जुन्या टी-शर्टचं ताणणारं कापड अंगाला गुंडाळून टाचण्यांनी माप घ्या. पोटाखाली पायांसाठी चीर ठेवा, तिथे टिचबटणं. मानेला गुलाबी लेगिंगचा एक पाय, आयता नळीसारखा आणि ताणणारा. तो झबल्याला हातशिलाईने जोडा.

पिसं सुती साडीची. गुलाबीच्या तीन-चार छटा घ्या, एकच गुलाबी फार बाहुलीसारखा दिसतो. बोटभर लांबीची पानं कापा, तिरक्या धाग्यावर कापलीत तर कडा कमी सुटतील. शेपटीकडून सुरुवात करा आणि मानेकडे या. प्रत्येक नवी ओळ खालच्या ओळीचे टाके झाकते. कौलं शाकारतात तीच रीत. पंखाच्या मागच्या कडेला छत्रीच्या काळ्या पाकळ्यांच्या पट्ट्या लावा. उडणाऱ्या रोहिताची हीच काळी कड नवी मुंबईच्या पाम बीच रोडवरून दिसते, उभा असताना ती बहुतेक झाकलेली असते. म्हणून काळं थोडंच डोकावू द्या.

पायांना टी-शर्टचा दोरा गुंडाळा. काखेखालून टी-शर्ट आडवा कापा, दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी गोल गोल कापत जा आणि ती ओढा. कडा आत वळून छान गोल दोरा होतो.

गुलाबी कापड मिळालंच नाही तर अडू नका. रोहिताला गुलाबी रंग त्याच्या खाण्यातल्या रंगद्रव्यांतून येतो, पिल्लं करडीच असतात. करड्या शर्टांचं पिल्लू करा. फार कुणी केलेलं नसतं.

खाडीची गोधडी

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. चित्राला विषय म्हणून खाडी सोपी पडते, कारण ती मुळात आडव्या पट्ट्यांचीच आहे. खाली चिखल, मग पाणी, मग तिवरांची हिरवी रेघ, वर इमारती, त्यावर धुरकट आभाळ.

६० बाय ९० सेंटिमीटरचा पाया घ्या. खाली पडद्याचं जाड कापड, वर जुन्या सुती साडीचे दोन थर. साडी फाडून घ्या. कात्रीपेक्षा फाडलेली कड सरळ येते, कारण ती धाग्याच्या रेषेत जाते. तिन्ही थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी एकत्र धरा.

चिखलासाठी बारदान आणि करड्या-तपकिरी कातरणी एकमेकांवर चढवा, कडा मुद्दाम सुट्या ठेवा. बारदानाला साधी सुई पुरत नाही, दाभण घ्या आणि बोटात अंगुस्तान घाला. तिवराची श्वास घेणारी मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर आलेली असतात. त्यांना बुटाच्या नाड्यांची टोकं लावा. प्लास्टिकची टोपी वरच्या बाजूला ठेवून तळाशी टाचली की हुबेहूब. हा भाग मुलांकडे द्या, त्यांना मोजून मोजून लावायला आवडतं.

पाण्याला वेफर्सच्या पाकिटाची चंदेरी आतली बाजू. पाकीट साबणाने धुऊन पुसून घ्या, तेल राहिलं तर मुंग्या गोधडीवर चढतात. पण ते थेट शिवू नका. सुईच्या भोकांच्या रांगेत ते तिकिटासारखं टरकन फाटतं. पट्ट्या नुसत्या मांडा, वरून जाळीच्या ओढणीचा तुकडा पसरा आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेत शिवा. जाळीखाली चमक दबते आणि मळकं, संथ पाणी दिसतं. जाळं मिळालं असेल तर त्याचा छोटा तुकडा एका कोपऱ्यात सैल सोडा.

इमारतींना शर्टाचं चौकडीचं कापड. चौकड्या म्हणजे आयत्या खिडक्या. उंच-बुटके आयत कापा आणि एखाद्या चौकडीत पिवळ्या दोऱ्याचे चार टाके घाला, म्हणजे तिथे दिवा लागला. इमारतींच्या पायाशी साडीच्या जरीकाठाची आडवी पट्टी, म्हणजे ठाणे-वाशी लोकल. काठावरची कोयरी डब्याच्या खिडकीत बसली तर काय मजा येते ते करूनच बघा.

मग धावदोरा. जाड सुती दोरा, टाके तांदळाएवढे. कडेपासून सुरू करून चौकोनी वळणं घेत आत आत जा, आपल्याकडे गोधडी अशीच शिवतात, म्हणजे मध्ये झोळ राहत नाही. दोरा फार ओढू नका. टाक्यांच्या रांगांनी जी बारीक सुरकुती पडते तीच या कामाची शोभा, म्हणून वरून इस्त्री फिरवायची नाही. पाण्याच्या भागात रांगा किंचित वाकड्या जाऊ द्या, इमारतींवर सरळ.

मागच्या बाजूला वरती कापडाची नळी शिवा आणि तिच्यातून छत्रीचा दांडा घाला.

पावसाळा आणि नंतर

कागदाचं काम जून ते सप्टेंबर करूच नका. ते महिने शिवणकामाचे. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर गोधडी तिथे लावू नका. दुसरी जागाच नसेल तर पाठीमागे चार कोपऱ्यांत बाटल्यांची बुचं भोक पाडून टाचा, म्हणजे हवा खेळते. बुरशीचे ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशने बाहेर झटका आणि ऊन दाखवा. ओल्या फडक्याने पुसलं तर ती आणखी पसरते. बाइंडिंग वायरचा जो भाग उघडा राहिला असेल त्यावर मे अखेरीस रंगाचा किंवा मेणाचा हात द्या, पहिल्या पावसातच ती गंजते आणि गंजाचा डाग कापडावरून जात नाही.

झबलं थंड पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, पालथं वाळवा. लेगिंगची मान वर्षा-दोन वर्षांत सैल पडते. टाके उसवून दुसरी बसवायला अर्धा तास पुरतो.

शेवटी मूठभर अगदी बारीक चिंध्या उरतील, कशातच न बसणाऱ्या. त्या सुती आणि कृत्रिम अशा वेगळ्या करा. सुती चिंध्या एका जुन्या उशीच्या अभ्र्यात साठवत जा, अभ्रा भरला की तोंड शिवून टाका, बाल्कनीत बसायला गादी होते. कृत्रिम मात्र सुक्या कचऱ्यात, आणि ट्यूबचे रबरी तुकडे पंक्चरवाल्याला परत.